शिफारसपत्र मागायला जाण्यापूर्वी

अमेरिकेतील विद्यापीठांत अर्ज करणार असाल, तर शिक्षकांना शिफारसपत्राची विनंती गणेश चवथीच्या सुट्टीआधीच करावी. कारण पहिल्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास संपते आणि त्याच सुमारास आपल्याकडे पेपर तपासणी व दिवाळीची सुट्टी आलेली असते.

ज्यांनी सर्वाधिक गुण दिले त्यांच्यापेक्षा ज्यांनी तुम्हाला अडखळताना पाहिले आहे, असे शिक्षक निवडावेत. मी फोंड्यात शिकत असताना भौतिकशास्त्रात जेमतेमच होतो. तरीही विनंती करायला गेलो तेव्हा, लोलकाचा प्रयोग तीनदा फसल्यावर मी दोरा बदलून संध्याकाळपर्यंत थांबलो होतो, हे बाईंनीच मला सांगितले. असे प्रसंग आठवावेत म्हणून एका पानाचे टिपण सोबत द्यावे. मात्र पत्राचा मसुदा स्वतःच लिहून त्यावर सही मागू नये. ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि अनेक पत्रे वाचणाऱ्याला ती लगेच कळते.

एमआयटीसारखी संस्था एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या आणि दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांकडून मागते, तर ब्रिटनमधील विद्यापीठांचे अर्ज एकत्र स्वीकारणाऱ्या यूकॅसला एकच संदर्भपत्र लागते. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक अमेरिकन विद्यापीठांना एकाच अर्जातून अर्ज करण्याच्या संकेतस्थळावर, पत्र शिक्षक स्वतःच पाठवतात. ते पुढे पाहण्याचा हक्क सोडल्यास पत्रावर अधिक विश्वास ठेवला जातो, म्हणून तो सोडावा. मीही सोडला होता. शिक्षकांचा ईमेल पत्ता मात्र त्यांच्यासमोरच लिहून घ्यावा.