मॉरिशसला राहायला येताय? आधी गावाची उंची बघा

एबेन या मॉरिशसमधल्या कचेऱ्यांच्या गावी तुम्हाला नोकरी मिळाली आहे, तर घर राजधानी पोर्ट लुईत घ्यावं का, भाषेचं कसं आणि राज्यकारभार कसा आहे, असं तुम्ही विचारलंत. नऊ वर्षांत जे अनुभवलं ते सांगते.

बेट अवघं १,८६५ चौरस किलोमीटरचं, पण हवा गावागणिक बदलते. पोर्ट लुई किनाऱ्यावर, तिथे उकाडा. क्यूरपिप मधल्या पठारावर, तिथे सतत पाऊस. आमचं पहिलं घर क्यूरपिपला होतं. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी धरली. तुम्ही रोझ हिल किंवा कात्र बोर्न बघा. हवा मध्यम, मेट्रोही आहे. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. इशाऱ्याचे चार वर्ग असतात, ते गांभीर्याने घ्या.

देश १२ मार्च १९६८ ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला, १९९२ ला प्रजासत्ताक. सत्ता पंतप्रधानांकडे. संसदेत ६२ जण निवडून येतात. शिवाय एखादा समाज मागे राहू नये म्हणून हरलेल्या उमेदवारांतून आठपर्यंत जण घेतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये विरोधकांनी ६२ पैकी ६० जागा जिंकल्या आणि तीन दिवसांत त्यांचे नेते नवीन रामगुलाम यांचा पंतप्रधान म्हणून शपथविधी झालासुद्धा. मला या देशाबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

माणसांबद्दल मात्र एक कळकळीने सांगते. १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, पोर्ट लुई बंदरातल्या 'आप्रवासी घाट' या धक्क्यावर उतरले, त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आज मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आमच्या शेजारच्या आजी 'सुखकर्ता दुःखहर्ता' अख्खी तोंडपाठ म्हणतात, पण गप्पा क्रिओलमध्येच, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या इथल्या बोलीत. त्यांना 'तुम्ही मूळचे आमचेच' असं म्हणू नका. त्या मॉरिशियन आहेत, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा, चिन्यांचा, मुसलमानांचाही हा तितकाच देश आहे.

म्हणून क्रिओल शिका. कचेरीत इंग्रजी चालेल, वर्तमानपत्रं फ्रेंच, पण बाजारात क्रिओलच. मी ती ढोलपुरीच्या गाडीवर शिकले: वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेल्या दोन मऊ पोळ्या, आत पावट्याची भाजी आणि चटणी, कागदात गुंडाळलेल्या. 'कि मानिएर?' (कसं काय?) एवढं विचारलंत तरी गाडीवाला थांबून बोलतो.