आई सारखी अंदमानच काढते, तिला थांबवू का?

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या गावांची नावं घेऊन येतो. कुणाची आई मुलाकडे टोरांटोला गेलेली असते आणि दिवसभर सांगलीच्या घराबद्दल बोलते. कुणाचे वडील निवृत्त होऊन पुण्याच्या फ्लॅटमध्ये आलेले असतात, पण मनाने अजून भिलाईच्या कॉलनीतच असतात. घरच्यांची अडचण एकच: विषय निघाला की डोळ्यांत पाणी येतं, मग विषय काढूच नये ना?

या वेळी गाव होतं पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं नाव श्री विजय पुरम झालं, पण या घरात ते अजून कुणाच्या तोंडात बसलेलं नाही, म्हणून मीही जुनंच वापरते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फोन मुलीचा होता, पुण्याहून. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, शेती संशोधनाशी संबंधित. त्यांच्यामागे आई कितीतरी वर्षं अंदमानात राहिली. मग बदली झाली ती थेट अल्मोड्याला, उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर. पहिला उन्हाळा मजेत गेला. नोव्हेंबर सरला आणि आई मिटत गेली. उशिरा उठते, आंघोळ टाळते, फोनवर दुसरा विषयच नाही. मुलीने वाचून वाचून निदानही करून टाकलं होतं: हिवाळ्यातलं नैराश्य. त्यावर वापरतात तो दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिवा तिने मागवायच्या यादीत टाकून ठेवला होता. वडिलांचा उपाय वेगळा होता. त्यांनी बैठकीतला पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडियाटापूच्या सूर्यास्ताचा फोटो उतरवून कपाटात ठेवला आणि तिथल्या जुन्या शेजारणीला 'जरा कमी फोन करत जा' असं सांगून टाकलं.

दोघांचाही हेतू चांगला होता. मी दोघांनाही थांबा म्हटलं.

मुलीची आई, म्हणजे आमच्या ताई, पहिल्यांदा व्हिडिओवर आल्या तेव्हा कानटोपी, शाल, त्यावर नवऱ्याचं जाकीट. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मागे ट्यूबलाइट लागलेली. पहिलंच वाक्य, "मॅडम, मला वेडबिड लागलंय का ते सांगा. ह्यांना वाटतं मी मुद्दाम करते." मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी पोर्ट ब्लेअरचं सांगा.

आणि त्या सांगत सुटल्या. जंगलीघाटच्या बाजारातली मासळी. शेजारची बंगाली वहिनी, पलीकडचं तमिळ कुटुंब, आणि सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी हिंदी. मोजक्या मराठी घरांचा गणपती. "आमच्याकडे पाव्हणा नाही असा महिना नव्हता. महाराष्ट्रातनं जो येतो तो सेल्युलर जेल बघायला. सावरकरांची कोठडी बघायची, डोळे पुसायचे आणि मग आमच्याकडे येऊन सुरमई खायची!" हे सांगताना त्या हसल्या. टोपी कधी काढली ते त्यांना कळलंही नाही.

मी काय बघत होते ते इथे सांगते, कारण घरच्यांनाही ते बघता येतं. आठवण सांगताना माणूस जागा होतो का? आवाज चढतो, हात हलतात, थट्टा सुचते का? ओढ असेल तर तसं होतं. नैराश्य खोल गेलेलं असतं तेव्हा सुखाची आठवणही सपाट आवाजात येते, 'होतं तेव्हा बरं' एवढंच. ही काही तपासणी नव्हे, माझा अनुभवाचा ठोकताळा आहे. म्हणून नेहमीची प्रश्नावलीही भरून घेतली. मागच्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह, अपराधीपणा, जगणं नकोसं वाटणं, सगळं विचारलं. जिवाला धोका नव्हता, पण मन उतरलेलं होतं. अशा वेळी मी शरीर वगळून पुढे जात नाही. छप्पन्न वर्षांच्या बाईला थंडी सोसवत नाही, सुस्ती आहे, मन उदास आहे, तर थायरॉइड तपासल्याशिवाय मनाबद्दल बोलणं घाईचं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. थायरॉइड ठीक निघालं, बी-१२ कमी होतं, औषध सुरू झालं. पुढे जो फरक पडला त्यातला काही वाटा त्या औषधाचा आहे.

आणखी एक गोष्ट सापडली, ती मात्र योगायोगाने. ताई म्हणाल्या, सकाळी डोकं जड असतं, रात्री रडते म्हणून असेल. मी विचारलं, खोली गरम कशाने करता? "अंगीठी असते ना. कोळशाची. दारं-खिडक्या लावून घेतो, नाहीतर ऊब टिकत नाही." मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. बंद खोलीत कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सकाळची डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची हलकी खूण, आणि प्रमाण वाढलं तर माणूस झोपेतून उठतच नाही. डोंगराळ भागात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. त्याच दिवसापासून अंगीठी पेटवायची तर खिडकी उघडी ठेवून आणि झोपण्याआधी घराबाहेर, असं ठरलं. रात्रीला गरम पाण्याची पिशवी. आठवड्याभरात डोकेदुखी गेली. समुद्राकाठी आयुष्य काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? थंडीतलं जगणं शिकावं लागतं, आणि शिकवणारं कुणी शेजारी नसेल तर ते अंगाशी येतं.

मग मी त्यांना घरचा अभ्यास दिला. दोन दिवस लिहून काढायचे, तासाप्रमाणे. एक पोर्ट ब्लेअरचा डिसेंबरातला साधा दिवस, एक अल्मोड्याचा. सहलीचा नको, सणाचा नको, साधा.

त्यांची तक्रार होती की इथे पाच वाजले की काळोख, जीव घाबरतो. मी सूर्याच्या वेळा काढून समोर ठेवल्या. पोर्ट ब्लेअर आपल्या देशाच्या अगदी पूर्वेला, पण घड्याळ सगळ्या देशाचं एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमारासच बुडतो. अल्मोड्याला तो उलट पाव तास उशिरा मावळतो! ताई बघतच राहिल्या. "म्हणजे तिकडेही पाचलाच अंधार होता?" होता. पण पाचला काय चाललेलं असायचं ते त्यांच्याच कागदावर होतं: चहा, वहिनी, गच्ची, पाहुण्यांसाठी नारळ खवणं. काळोख जाणवायला सवड कुठे होती?

खरा फरक सकाळी होता. तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडायचं आणि सहाला त्या मासळी आणायला बाहेर. अल्मोड्यात सूर्योदय सातला, आणि यांचा दिवस सुरू व्हायचा नऊला, तोही पडदे लावलेल्या खोलीत. हिवाळ्यातल्या उदासीचं शास्त्रीय वर्णन १९८४ साली नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलं आणि प्रकाशोपचारही तिथूनच पुढे आला. पण तो दिवा, जिथे महिनोन्महिने सूर्य धड दिसत नाही अशा प्रदेशांसाठी. अल्मोड्यात पाऊस-बर्फाचे दिवस सोडले तर हिवाळ्यात लखलखीत ऊन असतं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स, बाहेर उन्हात तो सहज दहा हजारांच्या कितीतरी पुढे जातो. मुलीला सांगितलं, दिवा राहू दे. आईला अंगणात बसायला लाव म्हणजे झालं.

ते कागद वाचताना आणखी एक गोष्ट नजरेत भरली. पोर्ट ब्लेअरच्या दिवसात दर दोन ओळींमागे एका माणसाचं नाव होतं. अल्मोड्याच्या दिवसात 'हे' सोडून कुणीच नाही. ताईंना समुद्र आठवत होता, यात खोटं काही नाही. पण त्याहून जास्त आठवत होती ती यजमानीण, जिच्या हातचं जेवल्याशिवाय कुणी मेनलँडला परतत नसे. अल्मोड्यात तिला कुणी ओळखत नव्हतं. मी विचारलं, समोर त्रिशूल, नंदादेवी दिसतात ना? "दिसतात हो. सुंदरच आहेत. पण त्यांना जेवायला थोडंच बोलावता येतं?"

वडिलांशी वेगळं बोलले. त्यांना वाटत होतं, आठवणी काढल्याने दुखणं वाढतं. ही समजूत जुनी आहे. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्याने घराच्या ओढीला चक्क रोग ठरवलं होतं. पुढे तो मुख्यतः आपले डोंगर सोडून परक्या सपाट मुलुखात गेलेल्या स्विस लोकांचा रोग मानला गेला. आमच्या ताईंच्या बरोबर उलट! आजचं संशोधन वेगळं सांगतं. २०१२ साली चीनमधल्या आणि युरोपातल्या मानसशास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या प्रयोगांत दिसलं की थंड दिवशी आणि थंड खोलीत माणसांना जुन्या आठवणी जास्त येतात, आणि आठवणीत रमलेल्यांना तीच खोली थोडी अधिक उबदार भासते. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाला मी फार ताणत नाही. तरी ताईंचं अंदमान नेमकं डिसेंबरात का उसळून आलं हे समजायला तो उपयोगी आहे. मन स्वतःची शेकोटी पेटवत होतं आणि घरचे ती विझवत होते.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला पण करमत नाही. पण मी बोललो तर ही अजून खचेल." फोटो परत भिंतीवर गेला.

मी एवढंच मागितलं की आठवणी काढायच्या तर पूर्ण काढा, आणि दोघांनी मिळून काढा. निवडक आठवणींतलं गाव देवळासारखं होतं, त्यात राहता येत नाही. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. कोरड्या महिन्यांत नळाला एक दिवसाआड पाणी आणि घरभर ड्रम. पावसात आठवडाभर न वाळणारे कपडे, चपलांवर बुरशी. भूकंपाचे हादरे. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, त्याआधीचं ते इंटरनेट, ज्यावर मुलीचा चेहरा कधी धड दिसला नाही. सासरे गेले तेव्हा वेळेत पोचता आलं नाही, हेही. त्या दिवशी ताई खूप रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. बेटावरच्या सुखाला दुराव्याची किंमत मोजली होती, आणि ती आजवर कुणी बोललं नव्हतं.

अंगणात बसायला मात्र ताई तयार नव्हत्या. आजूबाजूच्या बायका अकरा वाजता उन्हात पाठ करून बसतात, हे त्यांना आळशीपणाचं वाटायचं. "कामं नाहीत का ह्यांना?" वास्तविक तिथल्या घरांत खोली तापवायची सोय नसते, त्यामुळे आतल्यापेक्षा बाहेर उन्हात ऊब जास्त. शेंगा सोलणं, विणकाम, भांडणं, सगळं तिथेच उरकतं. मी आग्रह केला नाही. फक्त म्हटलं, पोर्ट ब्लेअरला पहिल्या दिवशी कोण कुणाकडे गेलं होतं? "वहिनी आली होती, कालवण घेऊन." मग इथे तुम्हीच वहिनी व्हा.

त्या कुळथाची पिठी घेऊन गेल्या. कुमाऊंत कुळीथ घरोघरी शिजतो, गहत म्हणतात त्याला, पण त्याचं पीठ करून अशी सरसरीत पिठी त्या बायकांनी पाहिली नव्हती. बदल्यात सानलेलं लिंबू मिळालं: तिथलं भलंमोठं पहाडी लिंबू सोलून, त्यात मुळा, दही, गूळ आणि भाजून वाटलेल्या भांगेच्या बियांचं वाटण. (बिया आहेत, नशा चढत नाही. मुलीने घाबरून मला विचारलं होतं.) थंडीत लिंबू-दही म्हणजे आपल्याकडे घसा बसायची हमी, पण भर उन्हात बसून खाल्लं की लागत नाही, असा ताईंचा ताजा सिद्धांत आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जानेवारीत सलग तीन-चार दिवस ऊन नव्हतं, तेव्हा त्या पुन्हा अंथरुणात होत्या. नवऱ्याशी खटके उडाले. तिथल्या बायका आपसात कुमाऊंनीत बोलू लागल्या की परकेपण टोचायचं. पण फोनवर आता मुलीला अंदमानाच्या जोडीला शेजारच्या सुनेच्याही गोष्टी ऐकाव्या लागतात, आणि हल्ली तिची तक्रार अशी आहे की आईला बोलायला वेळच नसतो.

तेव्हा ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना माझं सांगणं: विषय बंद करू नका, तपशील विचारा. तिथे सकाळी काय करायचीस, कोण यायचं, तू कुणाला लागायचीस? जे इथे उभं करता येण्यासारखं आहे ते त्या उत्तरांत सापडतं. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसेल, आठवणींतही नसेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा 'जगून काय करायचं' अशी भाषा येत असेल, तर गप्पांवर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

मुलीने शेवटी विचारलं होतं, आईला एकदा पोर्ट ब्लेअरला नेऊन आणू का, की जखम उघडी पडेल? जरूर ने, म्हटलं. फक्त हॉटेलात उतरवू नकोस, वहिनींच्या घरी राहू दे. तिने मार्चची तिकिटं बघितली. ताईंनीच ती बदलायला लावली. "मार्चात नको गं, पाण्याचे हाल असतात तिकडे. दिवाळीनंतर जाऊ."