पोस्टरवर आधी उतार दिसू दे

पाणलोटाच्या कामाचं, म्हणजे डोंगरावरचं पाणी आणि माती जागेवर अडवण्याचं, तुझं पोस्टर पाहिलं. रंग झकास आहेत, पण तळहातावर हिरवी पृथ्वी बघून शेतकऱ्याला नेमकं काय करायचं ते कळणार नाही. त्यापेक्षा डोंगराचा उभा छेद काढ. माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब खड्डे), ओघळीत अनगड दगडी बांध (न घडवलेले दगड रचून केलेला), खाली शेताची बांधबंदिस्ती (कडेने मातीचे बांध). ‘माथा ते पायथा’ हे गावात सगळ्यांच्या तोंडी असतं, चित्रही तसंच वरून खाली वाचता आलं पाहिजे.

चर मात्र मोठा करून दाखव. साधारण 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल, आणि निघालेली माती उताराच्या म्हणजे खालच्या बाजूला. इथे बाण उलटा पडला आणि कुणी तसंच खोदलं, तर पहिल्याच पावसात माती परत चरात.

समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशातल्या रेषा, छापून फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा देवळासमोर रांगोळीने शिवाराचा नकाशा काढ. पाणी कुठून घुसतं ते बायकाच बोट ठेवून सांगतील.

आणि हो, आधीचा फोटो मे महिन्यातला, नंतरचा सप्टेंबरमधला, असली जोडी लावू नकोस. ती हिरवाई पावसाची. दोन वेगळ्या वर्षांतले, पण एकाच महिन्यातले, एकाच जागेवरून काढलेले फोटो लाव.