सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझे रॅपचे ट्रॅक ऐकले. आवाजात धग आहे, लिहिणंही नेमकं आहे. बीट, म्हणजे शब्दांखालचा ताल आणि संगीत, मात्र इंटरनेटवरून उचललेली आहे आणि मला त्याबद्दलच लिहायचंय. बीट स्वतः बांधायला शीक. शब्द तुझे आणि ताल परक्याचा असेल, तर ते गाणं उद्या तुझ्या हातात राहीलच याची खात्री नाही.

तू गोव्यातल्या फोंड्याचा. चवथीला तुझ्या वाड्यावर घुमट (चामडं ताणलेला मातीचा घडा), शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कांसाळें (झांजा) घेऊन आरती होते. ती नीट ऐक, आणि सुवारी, म्हणजे याच वाद्यांचं नुसतं वादन, तर मन लावून ऐक. लय संथ सुरू होते आणि बघता बघता चढते. सॉफ्टवेअरमध्ये तिचा प्रत्येक ठोका ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतराच्या रेघांवर, सरळ केलास (याला क्वांटाइझ करणं म्हणतात) की जीवच जातो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा हिपहॉप बीट बांधणारा जे डिला एमपीसी या बीट बनवायच्या यंत्रावर बोटांनी ड्रम वाजवायचा आणि अनेकदा क्वांटाइझ न करता ठोके मुद्दाम पुढेमागे पडू द्यायचा. त्या डुलण्यावर जगभरचे ड्रमर अजून रियाज करतात.

घुमट स्वतः रेकॉर्ड कर, २४ बिटमध्ये, आवाजाची पातळी मीटरवरच्या लाल रेषेपासून बरीच खाली ठेवून. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, म्हणून वाद्य शेकल्यावर घे. (घोरपडीच्या कातड्याचं कुणी देऊ केलं तर नको म्हण, ती संरक्षित आहे. बकऱ्याच्या कातड्याचं चालतं.) वाजवणाऱ्याला आधी विचार, मानधन दे आणि त्याचं नाव लाव. पारंपरिक ताल सगळ्यांचा असतो, पण कुणाच्या कॅसेटमधून उचललेला तुकडा नव्हे. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर आपल्याकडे ६० वर्षं हक्क राहतो.

आता कागदांचं. रात्री अडीच वाजता स्टुडिओत 'नंतर बघू' म्हणतात आणि पुढे मैत्री तुटते, हे मी फार जवळून पाहिलंय. शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, वाटा किती, हे त्याच दिवशी लिहून दोघांनी सही करा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा राखून दिलाय, तो कराराने सोडून देता येत नाही. बीट बांधणारा हाही संगीतकारच. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घे. 'एकरकमी घ्या आणि विसरा' म्हणणाऱ्यासमोर लगेच सही करू नकोस, कागद घरी आण.

किनाऱ्यावरच्या क्लबात पर्यटकांसाठी वाजवायचं काम मिळालं तर घे, भाडं सुटतं. नोकरीही इतक्यात सोडू नकोस. पण त्या गर्दीला काय आवडेल याचा हिशेब करून स्वतःची गाणी लिहू नकोस. तू घरी कोंकणी बोलतोस, वाचतोस मराठी. ओळीत दोन्ही आपसूक आल्या तर येऊ देत. मुंबईच्या गल्लीची बोली तुझ्या तोंडी उसनी वाटते, दुसऱ्या ट्रॅकमध्ये ते स्पष्ट कळतं.

तोच ट्रॅक पुन्हा कर, स्वतःच्या बीटवर. चवथीच्या आधी दोन फायली पाठव: एक आवाजासकट, एक नुसती बीट. आधी मी बीट ऐकेन.

तुझा,
दादा