आधी पट्टी बघ, मग गाणं

भावा, कराओकेवर मूळ गायकाच्याच पट्टीत, म्हणजे तो ज्या उंचीवर सा धरतो तिथंच, गायचा हट्ट सोड. वरचा स्वर आला की तुझी हनुवटी वर जाते, मान ताणते. आवाज बरा आहे, पट्टी चुकलीय. बहुतेक पुरुषांना हार्मोनियमवरच्या पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास सोयीचं पडतं, बायकांना काळी चार-पाच.

सकाळी तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव आणि पंधरा-वीस मिनिटं नुसता सा. 'आ' म्हणत, खांदे न उचलता. मग सावकाश खर्जाकडे, खालच्या स्वरांकडे उतर, जोर लावू नको. कंटाळा येणार, येऊ दे. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐक. आवाज परका वाटेल, कारण एरवी आपण तो हाडांतूनही ऐकत असतो.

रात्री अकराला तांबडा-पांढरा ओरपून लगेच आडवं व्हायचं आणि सकाळी 'घसा बसलाय' म्हणायचं, हे आपल्या कोल्हापूरचं खास दुखणं! पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला झोंबतं. रस्सा सोडू नको (कोण सोडेल?), जेवण आणि झोपेत दोन-तीन तास ठेव. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसला तर काढे पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

शाहू महाराजांच्या दरबारातले गायक अल्लादिया खाँसाहेब ठाऊक असतील. त्यांचाही आवाज उमेदीत बिघडला होता. बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली. तूही कुणाची नक्कल करू नको. देवल क्लबात मैफल असली की पुढं बस आणि गाणारा श्वास कुठं घेतो तेवढंच बघ.