निपाणीहून प्रश्न: आईच्या स्तनातील गाठ ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-२ हे तिन्ही ग्राहक न आढळलेली) असून ‘बीआरसीए-१ मिथिलेशनमुळे बंद’ असे अहवालात आहे. हा दोष आम्हा मुलींकडे येतो का?
सहसा येत नाही, कारण या ओळीचा अर्थ असा की डीएनएची दुरुस्ती करवणाऱ्या बीआरसीए-१ या जनुकाची अक्षरे बदललेली नसून त्याच्या सुरुवातीच्या भागातील सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर मिथाइल गट हा छोटा रासायनिक तुकडा चिकटल्याने (हेच मिथिलेशन) ते वाचलेच जात नाही. परिणामी डीएनएचे तुटलेले दोन्ही धागे अचूक सांधले जात नाहीत आणि पेशींत दोष साचत जाऊन गाठ आक्रमक होऊ शकते. बेळगावात पॅथॉलॉजी शिकवताना ‘जनुक बंद’ म्हणजे ‘घराण्यातला दोष’ असा समज मला वरचेवर आढळतो, आणि अहवालांची त्रोटक भाषा त्याला खतपाणीच घालते. मात्र मिथिलेशन आढळले म्हणून आनुवंशिक दोष नाहीच, असे ठरत नाही; ट्रिपल निगेटिव्ह गाठ असल्यास आईंच्या रक्तावरील जनुकीय चाचणीविषयी कर्करोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे.