प्लग काढला होता, तरी रिसीव्हर गेला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दापोलीजवळचं जुनं कौलारू घर दुरुस्त केलंय, ओटीला लागून १२ बाय १६ ची खोली आहे, गणपतीपर्यंत तिथे ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर) वाजवायचंय, बजेट ६० हजार, रिसीव्हर (या सगळ्या स्पीकरांना आवाज देणारा अ‍ॅम्प) कुठला घ्यावा. त्याचं उत्तर वर तिघाचौघांनी दिलंय आणि बरं दिलंय. मी अडलो ते तुमच्या शेवटच्या ओळीवर: "वीज चमकायला लागली की टीव्हीचा प्लग आम्ही काढतोच, त्यामुळे ती काळजी नाही."

हेच वाक्य मी सात वर्षांपूर्वी देवगडात बसून म्हणत होतो.

माझी सिस्टीम तेव्हा जेमतेम वर्षाची होती. दसरा होऊन गेलेला, परतीचा पाऊस. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कोसळतो, पण विजा त्या मानाने कमी. खरा धिंगाणा मेअखेरीस आणि ऑक्टोबरात. संध्याकाळी चारला डोंगराकडून काळं भरून आलं तसा मी शहाण्यासारखा उठलो आणि टीव्ही युनिटच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग भिंतीतून उपसला. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, रिसीव्हर, सगळं त्याच बोर्डावर. मग निवांत पडवीत चहा. वीज पडली ती शेजारच्या बागेतल्या माडावर. उजेड आणि आवाज एकदमच. कपातला चहा मांडीवर सांडला तेही नंतर कळलं.

रात्री बोर्ड परत लावला. सेटटॉप बॉक्सचा दिवाच लागेना. रिसीव्हर मात्र चालू झाला, एफएम वाजला, पण टीव्हीवर चित्र नाही. मी आपला केबल गेली समजून कणकवलीहून दोन नवीन एचडीएमआय केबल्स आणल्या. दोन्ही लावून झाल्या, चित्र नाहीच. सबवूफर मुका झालाय हे तर तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

आमचा वायरमन आला, घरात शिरण्याआधी त्याने छपराकडे बघितलं आणि म्हणाला, "प्लग काढलात ता खरा, पन डिशीची वायर खंय काढलात?"

गोष्ट इतकीच होती. छपरावरची डिश धातूची, तिच्यातून निघालेली वायर थेट सेटटॉप बॉक्समध्ये. बॉक्समधून एचडीएमआयने रिसीव्हरमध्ये. रिसीव्हरमधून एक केबल सबवूफरला. आणि सबवूफर होता समोरच्या कोपऱ्यात, सोफ्यामागच्या वेगळ्या सॉकेटवर, प्लग तसाच भिंतीत. म्हणजे यायची वाट उघडी आणि जायचीही. मी काढलेला प्लग त्या वाटेवर कुठेच नव्हता. वीज आपल्याच डिशवर पडायला लागते असंही नाही. जवळपास पडली तरी लांब वायरींमध्ये जो दाब उसळतो तो एचडीएमआयच्या नाजूक चिपला पुरतो. टीव्हीचं एक पोर्ट, बॉक्स, रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड आणि सबचा अ‍ॅम्प, सगळं एका फटक्यात.

आता सर्व्हिस सेंटरचं. नाव घेणार नाही, शहराचंही नाही, घाटावर आहे एवढं पुरे. अधिकृत. पहाटे रिसीव्हर घेऊन निघालो, घाट चढून पोचलो तर पहिला प्रश्न: "ओरिजिनल बॉक्स कुठाय?" तो खोका आमच्या न्हाणीघरातल्या बंबात कधीच जळून गेलेला. बॉक्सशिवाय घेणार नाहीत. बाजारात जाऊन मिक्सरचा खोका आणि थर्माकोल पैदा केला, मग घेतला. जॉबशीटवर काय लिहावं? "आत पाणी गेल्याच्या खुणा, गंज." का, तर मागच्या स्क्रूंवर हिरवट-पांढरा थर होता. अहो, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर ठेवलेल्या कुठल्याही स्क्रूवर तो येतो, माझ्या चष्म्याच्या काडीवरही आहे! पाणी गेलं म्हणून वॉरंटी नाही. मी म्हटलं पाणी नाही, वीज आहे. तर म्हणे विजेलाही वॉरंटी नाहीच. मग दोघांतलं काय लिहायचं याची मला फिकीर का होती, माहीत नाही, पण अर्धा तास भांडलो.

एचडीएमआय बोर्डासाठी २२ हजार सांगितले. रिसीव्हर घेतला होता ३४ ला. बरं, करा म्हटलं, आगाऊ पाच हजार भरले. "पंधरा दिवसांत पार्ट येईल." दिवाळी गेली. फोन केला की दरवेळी नवीन मुलगी, दरवेळी जॉब नंबर पहिल्यापासून. डिसेंबरात कळलं की पार्ट "वरून" येत नाही. जानेवारीत रिसीव्हर दुरुस्त न करता परत मिळाला, तपासणीचे पैसे कापून, खालच्या झाकणाचे दोन स्क्रू गायब. वॉरंटीच्या कागदावर विजेचा दाब आणि गंज वगळलाय का, हे खरेदीआधीच वाचा एवढंच सांगेन. मी वाचला नव्हता. बहुतेकांनी वगळलेलंच असतं.

तर माझं मत असं (मी इलेक्ट्रिशियन नाही, आंब्या-काजूवाला आहे, तेवढ्या हिशेबानेच घ्या): वॉट मोजण्याआधी घरात धातूच्या किती वायरी येतात त्या मोजा. मेन लाइन, डिश, केबल, बाहेरून येणारी लॅनची वायर. त्या खोलीतल्या टीव्हीला आतून लॅन खेचली असेल तर ती काढा, वायफायवर चालवा. फायबर असेल तर उत्तम, काच वीज वाहत नाही. पण खांबावरून येणाऱ्या काही फायबर वायरींत ताण धरायला लोखंडी तार असते, ती बाहेरच तोडून घ्यायला सांगा. डिशची वायर घरात शिरते तिथे, हाताला येईल अशा जागी, जोड ठेवा म्हणजे चटकन काढता येईल. आणि काढायची ती ढग जमायच्या आत. गडगडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावायला जाऊ नका, बॉक्स मेला तर मरू दे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवा, आसपास विजेची शक्यता असली तर आधी सांगतं. दोन दिवसांसाठी मुंबईला जाताना सगळंच काढून जायचं, सबवूफरसकट. सबवूफरसकट हे दोनदा वाचा.

आणखी एक, ज्यावर इथले जाणकार मला हसतील. टीव्ही आणि रिसीव्हरच्या मध्ये मी आता ऑप्टिकल केबल (तारेऐवजी उजेडाने आवाज नेणारी) वापरतो. झालं असं की माझ्या रिसीव्हरचा एचडीएमआय मेला, पण ऑप्टिकल जिवंत राहिलं. नवीन बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला लावला, टीव्हीतून ऑप्टिकलने रिसीव्हर, आणि डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित वाजायला लागला. स्क्रीनवर मेनू दिसत नाही, पुढच्या छोट्या डिस्प्लेवर बटणं दाबत बसावं लागतं, चालतंय. ऑप्टिकलमधून अ‍ॅटमॉस येत नाही, ट्रूएचडी येत नाही (डॉल्बीचेच वरचे प्रकार), हे कबूल. ते हवं असेल तर एचडीएमआयला पर्याय नाही. पण ५.१ च्या नवशिक्याला, आपल्या किनाऱ्यावर, टीव्ही आणि रिसीव्हरमध्ये वीज न वाहणारी केबल असण्याचं मोल मला जास्त वाटतं. तुमच्या टीव्हीला ऑप्टिकल आहे का आणि त्यातून ५.१ निघतं का ते आधी तपासा, काही टीव्ही नुसता स्टिरिओ देतात.

अर्थिंग. जुन्या घरात तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते, नुसतं भोक. वायरमनकडून १०० वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून बघायला सांगा, मंद पेटला तर अर्थिंग मेलेलं. (घरात ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असेल तर बल्ब लावताच तो पडेल. तो चालतोय एवढंच त्यातून कळतं.) स्वतः करू नका. आमच्या कातळावर मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, मी त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. अर्थिंग धड झाल्यावर मेन बोर्डात एक एसपीडी (उसळलेला दाब जमिनीत सोडणारं उपकरण) बसवा. अर्थिंग नसताना एसपीडी म्हणजे शोभेची वस्तू, आणि दुकानदार ती आनंदाने विकतो. वीज थेट घरावर पडली तर यातलं काहीच वाचवणार नाही, हेही सांगून ठेवतो.

पुढचं भराभर. प्लस-मायनस, डावं-उजवं सांगायला नको. समोरचे दोन आणि तुमची बैठक यांचा त्रिकोण सारख्या बाजूंचा ठेवा. मागचे स्पीकर पार पाठीमागे नकोत, बाजूला आणि जरा मागे, समोरच्या मध्यापासून १०० ते १२० अंशांत. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबला जातो ती हद्द) ८० हर्ट्झ. वायर दीड स्क्वेअर एमएम, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम स्वस्त मिळतं, खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत त्याचं पीठ होतं. तांबंही हिरवं पडतं, म्हणून टोकाला वीतभर जादा ठेवा आणि दरवर्षी अर्धा इंच कापून नवीन टोक सोला. माळ्यावरून वायर नेणार असाल तर पीव्हीसी पाइपातून, उंदरांना वायर फार आवडते. चिऱ्याच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, भुगा होऊन बाहेर येतो. सुताराकडून लाकडी गट्टू ठोकून घ्या.

पावसाळ्यात सिस्टीम प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. सुती कापड टाका, रोज अर्धा तास वाजवा, तेवढ्या उबेने आतला ओलावा निघतो. रात्री मात्र रिसीव्हरच्या जाळीवर काहीतरी बारीक जाळी हवी. उबेला पाल जाते आणि बोर्डावर चिकटून मरते, बोर्डासकट.

सबवूफरच्या भोकात कुंभारीण माशी घर बांधते. खोटं वाटेल. आमच्याकडे एप्रिलमध्ये बास घोगरा यायला लागला, टॉर्च घेऊन वाकून बघितलं तर आत मातीची चार मडकी, ओळीने, एकात हिरवी अळी भरलेली. भोकाला मच्छरदाणीचा तुकडा लावा. अगदी बारीक विणीचा नको, हवा अडते.

सब कुठे ठेवायचा ते तुमची खोलीच ठरवेल. तो आधी तुमच्या बैठकीच्या जागी ठेवून वाजवा आणि तुम्ही भिंतीकडेने रांगत फिरा, बास जिथे भरीव पण न घुमता ऐकू येईल तिथे सब. घरचे हसतील. कौलं खडखडायला लागली तर आवाज तुमच्या खोलीच्या ऐपतीपेक्षा मोठा झालाय.

६० हजारांत सगळं एकदम घेऊ नका. रिसीव्हर, समोरचे दोन आणि सेंटर (त्या दोघांच्या मधला स्पीकर) आधी, कारण संवाद सेंटरमधूनच येतात आणि म्हातारी माणसं तक्रार करतात ती त्याचीच. मागचे आणि सब दिवाळीत. मधल्या वेळात उरलेले पैसे अर्थिंगला लागतीलच. ओटीकडची भिंत उघडी आहे की दाराची ते कळलं नाही, एक फोटो टाका, मागचे स्पीकर कुठे टांगायचे ते बघून सांगतो. आणि रिसीव्हर आला की खोका माळ्यावर टाका. बंबात नाही.